आल्मालिनक्स ९ चे व्हीएम टेम्प्लेट आणि एलव्हीएमवरील साठवण : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा आधारकाळ या महिन्याच्या ३० तारखेला संपतो. त्यानंतर त्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि आमच्या प्रॉक्समॉक्स होस्टवरील (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवरील) बहुतेक व्हर्च्युअल मशीन अजून त्यावरच चालत आहेत. म्हणून नव्या मशीनसाठी एक टेम्प्लेट, म्हणजे नमुना-मशीन, तयार करायचे आणि पुढील सर्व स्थलांतर त्यापासून काढलेल्या क्लोनवरच (प्रतींवरच) करायचे, असे ठरले आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून आल्मालिनक्स ९ निवडली, तिची ९.४ ही आवृत्ती गेल्या महिन्यात आली आणि ९ या मालिकेला ३१ मे २०३२ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतील.

आहे त्याच मशीनवर एलिव्हेट हे साधन वापरून ७ वरून ८ आणि ८ वरून ९ असे चढत जाण्याचा पर्यायही बैठकीत मांडला गेला. तो तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, परंतु त्यात फक्त सॉफ्टवेअर बदलते, डिस्कची मांडणी जुनीच राहते, आणि आमची खरी अडचण मांडणीची आहे. जुन्या मशीनमध्ये रूट फाइल सिस्टिम एका साध्या पार्टिशनवर आहे आणि स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरील जागा) तिच्या लगेच पुढच्या पार्टिशनवर आहे. होस्टवरून डिस्क मोठी केली की वाढलेली जागा स्वॅपच्या पलीकडे येते. तिथपर्यंत पोचायचे तर स्वॅप बंद करून ते पार्टिशन काढावे लागते, रूटचे पार्टिशन वाढवावे लागते आणि स्वॅप पुन्हा शेवटी मांडावे लागते. हे काम रात्रीच करावे लागते आणि त्यासाठी वापरकर्त्यांना आधी सूचना द्यावी लागते. नव्या टेम्प्लेटमध्ये जागा वाढवण्याचे काम दिवसा, मशीन चालू असताना आणि कोणाला न कळवता करता आले पाहिजे, ही या प्रकल्पाची पहिली अट आहे.

दुसरी अट अशी की क्लोन सुरू झाल्यावर त्याची ओळख पूर्णपणे स्वतःची असली पाहिजे. टेम्प्लेटची कोणतीही खूण त्यात राहू नये.

५ जून २०२४

आज डिस्कची मांडणी ठरवली. पुढील आकडे जीबीत आहेत आणि १ जीबी म्हणजे १०२४ एमबी असे धरले आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क ३२ जीबीची राहील. तिच्यावर जीपीटी पद्धतीने तीन पार्टिशन असतील : ६०० एमबीचे ईएफआय, १ जीबीचे बूट आणि उरलेली सर्व जागा व्यापणारे तिसरे. हे तिसरे पार्टिशन एलव्हीएमचे (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचे) फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे तिला दिलेली कच्ची जागा, असेल आणि त्यावर ‘सिसव्हीजी’ नावाचा एकच व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे वाटपासाठीचा एकत्रित साठा, असेल. फिजिकल व्हॉल्यूम सर्वांत शेवटी ठेवण्याचे कारण सेंटओएस ७ च्या अनुभवातच आहे : डिस्क नेहमी शेपटाकडे वाढते, म्हणून जे वाढवायचे ते शेपटाशी असले पाहिजे.

व्हॉल्यूम ग्रुपमधील वाटप असे : रूटला ८ जीबी, /व्हारला ४, /व्हार/लॉगला ४, /व्हार/लॉग/ऑडिटला २, /व्हार/टेम्प, /टेम्प आणि /होम यांना प्रत्येकी १, आणि स्वॅपला २. एकूण २३ जीबी होतात. सुमारे ७ जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये कोणालाही न देता मोकळे राहतात. वेगवेगळे व्हॉल्यूम करण्याची ही पद्धत सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीच्या मानकात सुचवलेली आहे. तिचा व्यवहारातला फायदा साधा आहे : एखाद्या प्रोग्रॅमने लॉगचा पूर आणला तरी रूट भरत नाही आणि मशीनमध्ये लॉग-इन करता येते. /टेम्प आणि /व्हार/टेम्पवर नोएक्झेक हा (तिथून प्रोग्रॅम चालवू न देणारा) माउंट पर्याय लावला आहे. काही व्यावसायिक सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर /टेम्पमध्ये फाइल उघडून तिथूनच चालवतात आणि ते या पर्यायामुळे अडतील, याची कल्पना ॲप्लिकेशन-विभागाला आधीच दिली आहे. त्यांनी त्या वेळेपुरता दुसरा मार्ग दाखवावा, मात्र पर्याय कायमचा काढू नये.

मोकळ्या ठेवलेल्या ७ जीबींवर बरीच चर्चा झाली. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते की जागा रिकामी पडून राहण्यापेक्षा ती रूटला देऊन टाकावी. माझे मत नेमके उलट आहे. आल्मालिनक्सची प्रमाण फाइल सिस्टिम एक्सएफएस आहे आणि ती चालू असताना वाढवता येते, परंतु व्यवहारात लहान करता येत नाही. रूटला दिलेला जीबी नंतर /व्हारला हवा झाला तर तो परत मिळत नाही. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये ठेवलेला जीबी मात्र कोणत्याही व्हॉल्यूमला एका आज्ञेत देता येतो. कोणत्या मशीनचे /व्हार फुगेल आणि कोणाचे /होम, हे टेम्प्लेट बनवताना सांगणे अशक्य आहे, म्हणून तो निर्णय क्लोनच्या आयुष्यात होईल तेव्हा होऊ द्यावा. एक्सटी४ घेतली असती तर लहान करण्याची सोय मिळाली असती, पण तीही अनमाउंट केल्यावरच, आणि रूटच्या बाबतीत तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. म्हणून सर्वत्र एक्सएफएस ठेवली आणि व्हॉल्यूम लहान ठेवले.

मात्र ‘लहान ठेवा आणि वाढवत जा’ हा नियम डेटाच्या डिस्कला लागू करायचा नाही, आणि याचे कारण एक्सएफएसच्या रचनेत आहे. ही फाइल सिस्टिम बनवताना जागेचे अलोकेशन ग्रुप पाडले जातात. साध्या लहान डिस्कवर त्यांची संख्या ४ असते. १ जीबीची फाइल सिस्टिम बनवली तर प्रत्येक ग्रुप २५६ एमबीचा होतो आणि त्याचा आकार पुढे बदलत नाही. हीच फाइल सिस्टिम वाढवत १ टीबीपर्यंत नेली तर ग्रुपांची संख्या ४,०९६ होते, आणि जर्नलचा (फाइल सिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीचा) आकार मात्र १ जीबीच्या हिशेबाने ठरलेला तेवढाच राहतो. अशी फाइल सिस्टिम चालते, पण ती मुळात १ टीबीवर बनवलेल्या फाइल सिस्टिमसारखी चालत नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये डेटाची डिस्क असणारच नाही. क्लोन तयार झाल्यावर त्याच्या कामाला साजेशी दुसरी डिस्क जोडायची, तिच्यावर पार्टिशन न पाडता संपूर्ण डिस्कच फिजिकल व्हॉल्यूम करायची आणि ‘डेटाव्हीजी’ हा वेगळा व्हॉल्यूम ग्रुप त्यावर उभा करायचा. पार्टिशन नसल्यामुळे पुढे ही डिस्क मोठी करताना एक पायरी कमी होते.

७ जून २०२४

किकस्टार्ट फाइल लिहून पूर्ण झाली आणि तिच्यावरून पहिले इन्स्टॉलेशन केले. हाताने इन्स्टॉल करून टेम्प्लेट बनवण्याचा मार्ग मुद्दाम टाळला आहे, कारण सहा महिन्यांनी तेच टेम्प्लेट पुन्हा बांधायची वेळ येते तेव्हा त्यात कोणी कोठे काय निवडले होते हे कोणालाही आठवत नाही. आता मांडणी, पॅकेजची यादी आणि माउंट पर्याय सर्व एकाच मजकुरी फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल गिटमध्ये आहे.

इन्स्टॉलेशनच्या आधी प्रोसेसरचा प्रकार तपासावा लागला. रेड हॅट ९ आणि तिच्यावर आधारलेल्या सर्व वितरणांना एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरच्या क्षमतेची किमान पातळी लागते. आमच्या होस्टवर पूर्वीपासून चालत आलेला केव्हीएम६४ हा प्रकार त्या पातळीला पोचत नाही, आणि त्यावर मशीन सुरू होतानाच ग्लिबसीच्या (लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या) तक्रारीसह थांबते. प्रॉक्समॉक्स ८ मध्ये नवे मशीन बनवताना एक्स८६-६४-व्ही२-एईएस हा प्रकार आपोआप निवडला जातो. दोन्ही होस्टचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढीचे असल्यामुळे ‘होस्ट’ हा प्रकार न घेता हाच ठेवला. त्यामुळे चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येते.

डिस्क व्हर्टिओ-स्कझी नियंत्रकावर आहे आणि तिला डिस्कार्डचा पर्याय चालू ठेवला आहे. याचे कारण पुढच्या नोंदीत येईल.

इनिट-रॅमएफएसबद्दल (मशीन सुरू होताना रूट सापडेपर्यंत वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रतिमेबद्दल) एक बाब. ती बनवणारा ड्रॅकट हा प्रोग्रॅम सामान्यतः ज्या हार्डवेअरवर तो चालतो तेवढ्यापुरतेच ड्रायव्हर आत भरतो. टेम्प्लेटच्या दृष्टीने हे गैरसोयीचे आहे, कारण उद्या क्लोनची डिस्क व्हर्टिओ-ब्लॉकवर जोडली किंवा मशीन दुसऱ्या प्रकारच्या होस्टवर नेले तर रूट व्हॉल्यूम सापडणार नाही. म्हणून ड्रॅकटचे सर्वसाधारण प्रतिमा बनवणारे पॅकेज किकस्टार्टमध्येच घातले. प्रतिमेचा आकार वाढतो. १ जीबीच्या बूट पार्टिशनमध्ये तीन कर्नल तरीही मावतात. त्याच वेळी ‘रेस्क्यू’ (आपत्कालीन) कर्नलची निर्मिती बंद केली, ती जागेसाठी आणि त्याहून अधिक एका वेगळ्या कारणासाठी, जे १३ तारखेच्या नोंदीत आहे.

११ जून २०२४

आजचा दिवस होस्टच्या बाजूच्या एलव्हीएमसाठी होता. येथे एलव्हीएम दोन थरांवर आहे आणि त्यांची गल्लत होऊ नये म्हणून हे स्पष्ट लिहून ठेवतो. क्लोनच्या आत ‘सिसव्हीजी’ आहे. होस्टवर ‘पीव्हीई’ नावाचा व्हॉल्यूम ग्रुप आहे आणि त्यात ‘डेटा’ नावाचा थिन पूल आहे. क्लोनची ३२ जीबीची डिस्क म्हणजे होस्टच्या थिन पूलमधील एक थिन व्हॉल्यूम. आतल्या थराला बाहेरच्याची कल्पना नसते आणि बाहेरच्याला आतल्याची नसावी. होस्टच्या एलव्हीएमने क्लोनच्या आतले व्हॉल्यूम ग्रुप शोधू नयेत म्हणून स्कॅन-एलव्हीज ही मांडणी शून्यावरच आहे याची खात्री करून घेतली. डेटाची डिस्क पार्टिशनशिवाय असल्यामुळे ही खात्री येथे अधिकच आवश्यक आहे. ती मांडणी कोणी १ केली तर क्लोनचा ‘डेटाव्हीजी’ होस्टवर दिसू लागेल आणि दोन्ही बाजूंनी एकाच मेटाडेटावर (जागेच्या वाटपाच्या नोंदीवर) लिहिले जाण्याचा धोका निर्माण होईल.

थिन पूलमध्ये जागा लिहिली जाईल तेव्हाच खर्ची पडते. म्हणून टेम्प्लेटची डिस्क ३२ जीबीची असली तरी होस्टवर ती प्रत्यक्ष लिहिलेल्या मजकुराएवढीच जागा घेते, आणि ‘सिसव्हीजी’मधील मोकळे ७ जीबी होस्टला काहीही महाग पडत नाहीत. ५ तारखेच्या चर्चेतील ‘जागा वाया जाते’ या आक्षेपाचे उत्तर खरे तर इथे आहे.

परंतु थिन पूल उधारीवर चालतो, आणि सर्व क्लोनना मिळून कबूल केलेली जागा पूलच्या खऱ्या जागेपेक्षा जास्त होणे हे त्यात गृहीतच आहे. पूल भरला तर लिहिण्याच्या विनंत्या सुरुवातीला थांबवून ठेवल्या जातात, आणि प्रमाण मांडणीत ६० सेकंदांत जागा मिळाली नाही तर त्या त्रुटी देऊ लागतात. तेव्हा एकच क्लोन अडचणीत येत नाही. त्या पूलवर लिहू पाहणारे सर्व क्लोन येतात. मेटाडेटा भरणे त्याहून वाईट, कारण मग पूल बंद करून थिन-चेक आणि दुरुस्ती यांच्या मागे लागावे लागते. एलव्हीएममध्ये पूल आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण तिची उंबरठ्याची मूळ किंमत १०० आहे आणि याचा अर्थ ती सोय बंद आहे असा होतो. आम्ही उंबरठा ८० आणि वाढ २० टक्के ठेवली. ही वाढ व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा असेल तरच होऊ शकते. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर स्वतःहून १६ जीबी मोकळे सोडतो, पण आमच्या पूलच्या आकाराला ते पुरेसे नाहीत, म्हणून दोन्ही होस्टवर एकेक नवी डिस्क व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घातली आहे. शिवाय डेटा आणि मेटाडेटा या दोन्हींची टक्केवारी देखरेख-प्रणालीत वेगवेगळ्या इशाऱ्यांसह जोडली. नुसती डेटाची टक्केवारी पाहणारे तक्ते मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. ते अर्धेच काम करतात.

डिस्कार्डची साखळी अशी आहे : क्लोनमधील फाइल पुसली की एफएसट्रिम ती जागा मोकळी झाल्याचे खाली कळवतो, क्लोनमधील एलव्हीएम ती सूचना तशीच पुढे जाऊ देते, व्हर्टिओ-स्कझीवरून ती होस्टला पोचते आणि थिन पूल ती जागा परत घेतो. यासाठी एफएसट्रिमचा साप्ताहिक टाइमर टेम्प्लेटमध्ये चालू केला. एलव्हीएमच्या मांडणीतील ‘इश्यू-डिस्कार्ड्स’ हा पर्याय यासाठी लागतो असा समज बराच प्रचलित आहे. त्याचा संबंध लॉजिकल व्हॉल्यूम काढून टाकणे किंवा लहान करणे यांच्याशीच आहे. फाइल सिस्टिमच्या ट्रिमशी तो नाही. तो मूळ स्थितीतच ठेवला, कारण चुकून काढलेला व्हॉल्यूम परत मिळवण्याची थोडी आशा त्यामुळे शिल्लक राहते.

१२ जून २०२४

सर्ट-इनने (भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने) २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सर्व माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आणि त्यांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या वेळेशी, जुळवणे आवश्यक आहे. टेम्प्लेटमधील क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मांडणीत केंद्राचे ‘समय’ सर्व्हर घातले आणि कालविभाग एशिया/कोलकाता ठेवला. लॉगरोटेटची मूळ मांडणी आठवड्याला एक याप्रमाणे चारच जुन्या फाइल ठेवते आणि सिस्टिमडीचे (सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे) लॉग-जर्नल तर कायमस्वरूपी निर्देशिका नसेल तर मेमरीतच राहते. १८० दिवसांचे लॉग ४ जीबीच्या /व्हार/लॉगमध्ये बसवण्याचा प्रयत्न करणे चुकीचे ठरेल. म्हणून आर-सिसलॉगद्वारे सर्व लॉग मध्यवर्ती लॉग-सर्व्हरकडे जातील आणि क्लोनवर फक्त अलीकडचे राहतील. मध्यवर्ती सर्व्हरही याच टेम्प्लेटचा क्लोन असेल. त्याचा ‘डेटाव्हीजी’ मोठा असेल, एवढाच फरक.

१३ जून २०२४

टेम्प्लेट मोहोरबंद करण्याची स्क्रिप्ट आज पूर्ण केली. एसएसएच होस्ट-की काढणे, नेटवर्कमॅनेजरची जोडणी-फाइल काढणे, सिस्टिमडीचे रँडम-सीड पुसणे, डीएनएफचा साठा रिकामा करणे, जुने लॉग आणि शेलचा इतिहास पुसणे, रूटचा पासवर्ड कुलूपबंद करणे आणि क्लाउड-इनिटची (क्लोनची पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमची) अवस्था साफ करणे ही कामे नेहमीची आहेत आणि त्यांत विशेष काही नाही. होस्ट-की पहिल्या वेळी सुरू होताना नव्याने तयार होतात.

मशीन-आयडीच्या (मशीनचा ओळख-क्रमांक ठेवणाऱ्या फाइलच्या) बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागला. ही फाइल काढून टाकायची नसते, ती रिकामी करायची असते. रिकामी फाइल दिसली की सिस्टिमडी पहिल्या वेळी नवी ओळख लिहिते. सर्व क्लोनची मशीन-आयडी एकच राहिली तर जिथे डीएचसीपीची ग्राहक-ओळख तिच्यावरून बनते तिथे दोन मशीनना एकच पत्ता मिळू शकतो, आणि मध्यवर्ती लॉगमध्ये दोन मशीनची जर्नल एकमेकांत मिसळतात. इथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते.

आल्मालिनक्स ९ मध्ये याला आणखी एक शेपूट आहे. बूट-मेनूतील प्रत्येक कर्नलची नोंद बूट निर्देशिकेतील एका वेगळ्या फाइलमध्ये असते आणि त्या फाइलच्या नावाची सुरुवातच मशीन-आयडीने होते. टेम्प्लेटमध्ये बनलेली नोंद टेम्प्लेटच्या जुन्या ओळखीची असते. क्लोनला नवी ओळख मिळाल्यावर पुढच्या कर्नलची नोंद नव्या नावाने तयार होते, आणि काही महिन्यांनी जुना कर्नल काढला जातो तेव्हा काढणारा प्रोग्रॅम नव्या ओळखीच्या नावाची फाइल शोधतो, जी नसते. परिणाम असा की कर्नल जातो आणि त्याची नोंद मेनूत तशीच राहते. मशीन सुरू होण्यात त्यामुळे लगेच अडथळा येत नाही, म्हणून हे बराच काळ लक्षातही येत नाही. पण अडचणीच्या प्रसंगी मेनूतून जुना कर्नल निवडावा तर तो अस्तित्वातच नसतो. रेस्क्यू कर्नलच्या तर फाइलच्या नावातच मशीन-आयडी असते आणि ती क्लोनमध्ये अनाथ होऊन १ जीबीतील मोठा वाटा अडवून बसते. ७ तारखेला तो बंद करण्याचे दुसरे कारण हे होते.

उपाय म्हणून पहिल्या वेळी एकदाच चालणारी एक सिस्टिमडी सेवा टेम्प्लेटमध्ये ठेवली. ती जुन्या ओळखीच्या नोंदींची नावे नव्या ओळखीने बदलते, ग्रबी या साधनाद्वारे आपोआप सुरू होणारा कर्नल पुन्हा निश्चित करते आणि स्वतःला निष्क्रिय करते.

१४ जून २०२४

त्याच सेवेत आज एलव्हीएमची एक पायरी वाढवली. रेड हॅट ९ च्या कुळात एलव्हीएम कोणत्या डिस्क पाहील हे सिस्टिम-डिव्हाइसेस या फाइलवरून ठरते, आणि त्या फाइलमध्ये टेम्प्लेटच्या डिस्कची ओळख नोंदलेली असते. क्यूएमूच्या (प्रॉक्समॉक्स ज्यावर मशीन चालवते त्या प्रोग्रॅमच्या) डिस्कवर ही ओळख साध्या उपकरण-नावावर येते आणि बहुधा चालून जाते. ज्या होस्टवर प्रत्येक आभासी डिस्कला स्वतःचा अनुक्रमांक मिळतो तिथे ती जुळेलच असे नाही, आणि जुळली नाही तर रूट सापडूनही /व्हारसारखे इतर व्हॉल्यूम सक्रिय होत नाहीत व मशीन आपत्कालीन शेलवर जाऊन थांबते. म्हणून मोहोरबंद करताना ही फाइल काढून टाकतो आणि पहिल्या वेळी व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस ही आज्ञा दिसणाऱ्या सर्व व्हॉल्यूम ग्रुपसाठी चालवून ती नव्याने लिहून घेतो.

सेंटओएस ७ वरून येणाऱ्यांसाठी याचा आणखी एक परिणाम लिहून ठेवणे आवश्यक आहे. दुसऱ्या मशीनची भरलेली डेटा-डिस्क क्लोनला जोडली तर पीव्हीएसच्या (फिजिकल व्हॉल्यूमच्या) यादीत ती दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते. तिची नोंद त्या फाइलमध्ये नसते, एवढेच. ती एलव्हीएमडेव्हसच्या आज्ञेने घालावी लागते. नवी डिस्क पीव्हीक्रिएटने तयार केली तर नोंद आपोआप होते.

१८ जून २०२४

टेम्प्लेटच्या मसुद्यापासून एक पूर्ण क्लोन आणि एक लिंक्ड क्लोन (टेम्प्लेटच्या डिस्कवरच आधारलेला) काढून चाचण्या केल्या. दोन्ही सुरू झाले, दोन्हींची मशीन-आयडी व होस्ट-की वेगळी निघाली, आणि बूट-नोंदींची नावे बदललेली आढळली. एसई-लिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा सक्तीच्या अवस्थेतच होती.

जागा वाढवण्याची चाचणी मशीनवर सतत लिहिणारा भार चालू ठेवून केली. पहिला भाग : /व्हारला २ जीबी हवेत. एलव्हीएक्स्टेंडला फाइल सिस्टिमही वाढवण्याचा आर हा पर्याय देऊन एकाच आज्ञेत काम झाले आणि लिहिण्यात खंड पडला नाही. होस्टवर काहीही करावे लागले नाही, कारण जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये होती. माझ्या अंदाजाने वर्षभरातल्या बहुतेक मागण्या इतक्यावरच भागतील.

दुसरा भाग : मोकळी जागा संपली आहे असे धरून होस्टवरून डिस्कमध्ये १६ जीबींची भर घातली. व्हर्टिओ-स्कझीमुळे क्लोनला नवा आकार लगेच दिसला. त्यानंतर ग्रोपार्टने तिसरे पार्टिशन वाढवले, आणि डिस्कच्या जुन्या शेवटाशी अडकलेली जीपीटीची राखीव प्रतही त्यानेच नव्या शेवटाला नेली. मग पीव्हीरिसाइझने फिजिकल व्हॉल्यूमला नवा आकार कळवला. क्लाउड-इनिटकडे पार्टिशन आपोआप वाढवण्याचा विभाग आहे, पण रूट एलव्हीएमवर असताना मूळ मांडणीत त्याचा उपयोग होत नाही, म्हणून त्याला तिसरे पार्टिशन नावाने दाखवले आणि पीव्हीरिसाइझ प्रत्येक वेळी सुरू होताना चालेल असे केले. वाढलेली जागा कोणत्या व्हॉल्यूमला द्यायची हे मात्र आपोआप ठरवायचे नाही. ‘उरलेली शंभर टक्के जागा’ असा आकार एलव्हीएक्स्टेंडला देण्याची सवय आमच्याकडे काहींना आहे. कार्यपद्धतीत तिला स्पष्ट मनाई लिहिली आहे.

मोकळ्या जागेचा दुसरा उपयोगही तपासला. अद्ययावत करण्यापूर्वी क्लोनच्या आत /व्हारचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपणारी प्रत) घेता येतो आणि काम बिघडल्यास तो परत विलीन करता येतो. परंतु या पारंपरिक स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो निकामी होतो, आणि रूटच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवणे योग्य नाही : बूट पार्टिशन एलव्हीएमच्या बाहेर आहे, त्यामुळे रूट मागे गेले तरी कर्नल पुढचाच राहतो आणि त्याची मॉड्यूल जुन्या रूटमध्ये नसतात. संपूर्ण मशीन मागे न्यायचे असेल तर होस्टवरील थिन स्नॅपशॉटच घ्यावा.

२० जून २०२४

बचावाची चाचणी. एका क्लोनची रूट फाइल सिस्टिम मुद्दाम बिघडवून त्याची डिस्क दुसऱ्या क्लोनला जोडली. दोघांचाही व्हॉल्यूम ग्रुप ‘सिसव्हीजी’, दोघांच्याही फिजिकल व्हॉल्यूमची ओळख तीच, आणि एक्सएफएसची ओळखही तीच. एका टेम्प्लेटच्या पोटी जन्मलेल्या सर्व मशीनचे हे भागधेय आहे. यावर एका सहकाऱ्यांनी सुचवले की पहिल्या वेळी प्रत्येक क्लोनच्या व्हॉल्यूम ग्रुपचे नाव होस्टनेमवरून बदलावे. ते करायचे तर एफएसटॅब (माउंटची यादी), कर्नलच्या पर्यायांतील एलव्हीएमची नावे, प्रत्येक बूट-नोंद आणि इनिट-रॅमएफएस हे सर्व एकाच वेळी आणि बिनचूक बदलावे लागते, तेही मशीनच्या पहिल्या मिनिटात. वर्षातून क्वचित येणाऱ्या प्रसंगासाठी प्रत्येक क्लोनच्या जन्मात एवढी जोखीम घालणे मला पटले नाही.

त्याऐवजी व्हीजीइम्पोर्टक्लोन ही आज्ञा कार्यपद्धतीत घेतली. ती जोडलेल्या डिस्कच्या फिजिकल व्हॉल्यूमला आणि व्हॉल्यूम ग्रुपला नवी ओळख व दिलेले नवे नाव देते आणि योग्य पर्याय दिल्यास सिस्टिम-डिव्हाइसेस फाइलमध्ये नोंदही करते. त्यानंतर एक्सएफएस माउंट करताना नोयूयूआयडी हा पर्याय लागतो. त्याशिवाय कर्नल दुसरी सारख्याच ओळखीची फाइल सिस्टिम माउंट करण्यास नकार देतो. दुरुस्ती झाल्यावर व्हॉल्यूम ग्रुपचे नाव पुन्हा ‘सिसव्हीजी’ करायचे असते, आणि ते डिस्क मूळ मशीनला परत जोडण्यापूर्वी जिवंत सिस्टिमवरून सुरू केलेल्या मशीनमध्ये करावे लागते, कारण मदत करणाऱ्या क्लोनमध्ये त्या नावाचा ग्रुप आधीच आहे. म्हणूनच बचावासाठी दुसरा क्लोन वापरण्यापेक्षा इन्स्टॉलेशनच्या आयएसओमधील रेस्क्यू अवस्था अधिक सोयीची आहे, असे चाचणीअंती ठरले. तिथे दुसरा ‘सिसव्हीजी’ नसतो आणि नाव बदलण्याचा प्रश्न येत नाही. कार्यपद्धतीत तिला पहिले स्थान दिले आणि व्हीजीइम्पोर्टक्लोनला दुसरे.

२६ जून २०२४

किकस्टार्टवरून टेम्प्लेट अगदी कोऱ्यापासून पुन्हा बांधले, मोहोरबंद केले आणि प्रॉक्समॉक्समध्ये टेम्प्लेट म्हणून जाहीर केले. थिन पूल त्या त्या होस्टचा स्थानिक असल्यामुळे टेम्प्लेट दोन्ही होस्टवर वेगवेगळे ठेवले आहे; नावात वितरणाची आवृत्ती आणि बांधणीचा महिना आहे.

उत्पादनातील मशीन पूर्ण क्लोन असतील. लिंक्ड क्लोन क्षणात तयार होतो आणि जागा वाचवतो, पण तो आहे तोपर्यंत प्रॉक्समॉक्स मूळ टेम्प्लेट काढू देत नाही, आणि जुनी टेम्प्लेट नियमाने निवृत्त करायची असल्यामुळे चार-पाच वर्षे चालणारे मशीन त्यांना बांधून ठेवणे इष्ट नाही. चाचणी आणि प्रशिक्षणाची मशीन लिंक्ड राहतील.

मध्यवर्ती लॉग-सर्व्हर हा पहिला क्लोन आज सुरू झाला. त्याच्या ‘डेटाव्हीजी’साठी ५०० जीबीची डिस्क दिली असून त्यातील ३०० जीबीच सध्या लॉगच्या व्हॉल्यूमला दिले आहेत. सेंटओएस ७ वरील मशीनपैकी बाहेरून पोचता येणारी आधी आणि अंतर्गत वापराची नंतर, या क्रमाने स्थलांतर उद्यापासून सुरू होईल. ३० तारखेपर्यंत सर्व पूर्ण होणार नाही. जी राहतील ती फायरवॉलवर वेगळ्या विभागात हलवून ठेवण्यास मंजुरी मिळाली आहे. टेम्प्लेटची पुढील बांधणी आल्मालिनक्सची ९.५ आवृत्ती आल्यावर करायची आहे.